डावरीची जागा

८ जून

ती. मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामी मध्ये बसल्या की माझं निम्मं सांगतात आणि निम्मं पदरचं घालतात. म्हणून पत्र.

तुमची शाळा पाडताहेत. म्हणजे आता माझीही; तुम्ही जिथे कविता पाठ केल्या तिथे मी इतिहास शिकवते. नवी इमारत शेजारी उभी राहिली आहे. तिच्या दाराशी एक भिंत केली आहे आणि तिच्यावर दगड बसणार आहेत. एकावर देणगीदारांची नावं, एकावर ठेकेदाराचं, एकावर आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांची. मी बैठकीत सहज विचारलं, "आणि जुनी गच्ची केली कुणी?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चहात मीठ मागितलं.

मामा, बांधकामाच्या वेळचा एक फोटो ऑफिसात टांगलेला होता. पुढे साहेब, ठेकेदार, हार. मागे गच्चीच्या कडेला ओळीने बसलेल्या बायका. चौकटीत बसवताना वरचा भाग कापला आहे, त्यामुळे नुसते हात दिसतात, हातात चुना ठोकून बसवायच्या लाकडी थाप्या. चेहरा एकीचाही नाही.

त्या ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या होत्या. त्यांच्यातली एकच उरली आहे. तेव्हा ती नवी सून होती आणि चुन्यावर पाणी शिंपायचं काम करायची, म्हणून वस्तीत तिला अजून पाणीवालीच म्हणतात. खाटेवर असते. आठवण ये-जा करते. मला म्हणाली, "चुन्याला नळाचं पाणी, आम्हाला ओढ्याचं. एवढं लिही." मग म्हणाली, थापी मारताना त्या गाणं म्हणायच्या, आणि त्या गाण्यात एका बाईचं नाव आहे. ते नाव तिला असं सुटं आठवत नाही. "गाणं आलं की नाव येईल." पण गाणं येत नाही. हात खाटेवर ठेका धरतो आणि तोंड नुसतं उघडं राहतं.

मुख्याध्यापक म्हणाले, लिहिण्याजोगं काही आणलंत तर एक दगड तुम्हाला. तुम्ही त्याच काळात तिथे शिकत होतात ना? काही ऐकलं होतं का? एखादी ओळ मिळाली तरी म्हातारीला धागा सापडेल. तिचं काही खरं नाही, लवकर लिहा.

तुमची,
टिटवी

१५ जून

लाडके टिटवे,

तुझं पत्र आलं आणि माझी दुपार कुठल्या कुठे गेली. मामी चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. मी तेव्हा त्या वर्गात बसलो होतो, खिडकीजवळच्या बाकावर, शाईने निळी झालेली बोटं चड्डीला पुसत.

ऐकलं होतं का म्हणून काय विचारतेस! अगं, माझं सगळं बालपण त्या ठेक्यावर बसवलेलं आहे. आमच्या वर्गाच्या डोक्यावरच ती गच्ची चालली होती. छताच्या फरशा बसवून झाल्या होत्या आणि वर चुन्याचा थर. सकाळपासून थापी, थापी, थापी. आमचे मराठीचे मास्तर, देवमाणूस, वैतागण्याऐवजी त्याच ठेक्यावर आमच्याकडून कविता म्हणवून घ्यायचे. "ऐका रे, वरून ताल मिळतोय फुकट!" फरशांच्या फटींतून चुन्याची बारीक धूळ वह्यांवर उतरायची. मी ती फुंकरायचो नाही. पांढऱ्या कागदावर आणखी पांढरं काही पडलंय, ते किती सुंदर दिसायचं म्हणून सांगू!

आणि ती एक दुपार. एकाएकी वरचे ठोके थांबले. शिपाई आला, मास्तरांच्या कानाशी काही बोलला, आणि शाळा सुटली! अचानक मिळालेली सुट्टी, टिटवे, तिची गोडी काही औरच. त्यातून आम्हाला पुढच्या दाराने न सोडता मागच्या फाटकाने सोडलं. ते फाटक कधी उघडत नसे. आम्ही वाघ सुटावेत तसे माळावर सुटलो. आजही मन उदास झालं की मी त्या फाटकातून बाहेर पडतो.

गाणं तर मला पाठ आहे. घे :

थाप पडे थापीवरी, चांदणं गं हले,
उंच उंच गच्चीवर आभाळ हे फुले.
वारा आला पदरात, चांदणं गं झुले,
आम्हां घरी बोलाविती पाखरांची मुले.

बघ, काय नाद आहे! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका, पण कुठे मात्रा ढळत नाही. लिहिताना माझे डोळे भरून आले. म्हातारीला वाचून दाखव आणि काय म्हणते ते कळव.

तुझा,
मामा

२६ जून

ती. मामा,

वाचून दाखवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कारण ती "म्हण, अजून म्हण" म्हणत राहिली. तिचा हात खाटेच्या कडेवर पडत होता, अगदी तुमच्या ओळींबरोबर. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "असंच होतं. असंच." तिची नातसून दारात भांडी घासत होती, तीही हात थांबवून ऐकत बसली.

मला आनंदाने काही सुचेना. पण घरी आल्यावर दोन गोष्टी टोचायला लागल्या. तुम्ही खाली होतात, त्या वर. मध्ये आख्खं छत. त्यात ठोके. शब्द इतके स्वच्छ ऐकू येत होते? आणि दुसरं, म्हातारी ज्या नावासाठी जीव टाकते आहे ते नाव तुमच्या गाण्यात कुठेच नाही.

रागावू नका. दगडावर कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून विचारते. शब्द नक्की हेच होते का? शंका असेल तर तसं सांगा, मी म्हातारीजवळ आणखी थांबेन. रोज थोडी थोडी बोलते आहे.

टिटवी

२ जुलै

टिटवे,

रागावलो नाही. थोडा दुखावलो, एवढंच. कान गेले म्हणून सगळेच मला आता जपून विचारतात. डॉक्टर विचारतो, मुलगा विचारतो, मामी तर रोज विचारते की गोळी घेतली का नक्की. आता तूही.

पण माझी पाठांतरं कुणी तपासावीत असं अजून झालेलं नाही. लहान इयत्तेपासूनची कुठलीही कविता विचार, झोपेतून उठवून विचार. हे गाणं मी आयुष्यभर मनात म्हणत आलोय. तुझ्या आईला झोपवताना म्हटलंय, तुला झोपवताना म्हटलंय. जी गोष्ट इतक्या वेळा म्हटली ती चुकेल कशी?

आणि नावाचं म्हणशील तर मला वाटतं नाव त्यात आहे. 'चांदणं' दोनदा येतं, आणि येतं ते नेमकं त्या जागी जिथे वरच्या बायका आवाज उंच चढवायच्या. चांदणं हेच कुणा लेकीबाळीचं लाडाचं नाव असेल! त्या लोकांत अशी नावं असतात. विचार करून बघ, मला तर विचारानेच शहारा आला.

म्हातारी रडली, हात चालला, असंच होतं म्हणाली. याहून कसली साक्ष हवी तुला? इतिहासवाल्यांना रडणं पुरत नाही हीच तुमची खोड. बिनधास्त कोर.

मामा

१९ जुलै

ती. मामा,

घाईत लिहिते. तुमचं म्हणणं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, ते एकदम खूश. "वा, हे छान आहे. कुणाचं मन दुखायचं नाही." दगड कोरून झाला. चार ओळी, खाली 'गच्ची बांधणाऱ्या स्त्रियांचं गाणं'. संगीताच्या बाईंनी मुलींकडून बसवून घेतलंय. वस्तीतल्या ज्या मुली आता शाळेत येतात त्यांना पुढच्या ओळीत उभं केलंय. त्या घरी जाऊन दिवसभर तेच म्हणतात. म्हातारीच्या घरातसुद्धा. नातसून म्हणाली, "बाई, आता आमचं तान्हंही त्याच्याशिवाय झोपत नाही."

पुढच्या आठवड्यात कार्यक्रम. म्हातारीला खुर्चीवरून आणणार आहोत. त्याच दिवसापासून जुनी गच्ची उतरवायला घेतील.

मामा, मी उगाच शंका घेतली. चुकले.

टिटवी

११ ऑगस्ट

टिटवे,

कार्यक्रम होऊन किती दिवस झाले, आणि तुझा एक शब्द नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघत खिडकीत. तो आता वर न बघताच मान हलवून पुढे जातो. मुली कशा म्हणाल्या? म्हातारी काय म्हणाली? फोटो असेल तर पाठव. मामी म्हणते, तिला कामं असतील, तुमच्यासारखी रिकामी नाही ती. खरं आहे. तरी दोन ओळी टाक.

मामा

२० ऑगस्ट

मामा,

लिहायचं नव्हतं. पण तुम्हाला कळायला हवं.

म्हातारीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुलींनी गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि ती शेजारच्या नातसुनेला मोठ्यांदा म्हणाली, "हे कुणाचं गाणं?" सगळ्यांना ऐकू गेलं. मी जाऊन पायाशी बसले. म्हटलं, आजी, तुमचंच. तुम्हीच म्हणालात ना, असंच होतं? तर म्हणाली, "ठेका असाच होता. ठेक्याला म्हटलं मी. भर उन्हात चांदणं कुठलं, बाई? चुना डोळ्यात उडाला की पांढरं दिसायचं, तेवढंच आमचं चांदणं." पाहुणे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले. त्या दिवशी तिचं डोकं लख्ख होतं, असं आधी कधी नव्हतं. सगळं सांगितलं.

त्या ओळीने बसायच्या आणि थाप्या मारत मागे मागे सरकायच्या. त्यांच्यात एक डावखुरी होती. तिला सगळ्या डावरी म्हणायच्या. डावरीला मध्ये बसवलं तर तिची थापी शेजारणीच्या थापीवर आदळायची, म्हणून तिची जागा कायम ओळीच्या टोकाला. गच्चीच्या कडेला. कठडा अजून बांधला नव्हता. एका दुपारी सरकता सरकता ती गेली. पुढच्या दारासमोर पडली. पोटुशी होती.

मामा, पुढच्या दारासमोर. तुम्हाला मागच्या फाटकाने का सोडलं ते आता तुम्हाला कळेल.

दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा वर चढल्या, कारण ओला चुना थांबत नाही. टोकाची जागा रिकामी ठेवून बसल्या. त्यांच्या गाण्यात शब्द असे फार नव्हतेच. मध्ये एक जागा मोकळी असायची आणि तिथे पाळीपाळीने एकेकीचं नाव घ्यायच्या, पेंग येऊ नये म्हणून, थट्टा म्हणून. त्या दिवसापासून गच्ची पुरी होईस्तोवर त्यांनी त्या जागेत एकच नाव घेतलं. डावरीचं खरं नाव. म्हातारी म्हणाली, "कुणी लिहिणार नव्हतं. म्हणून चुन्यात मुरवलं."

मी म्हटलं, आजी, तेवढं नाव सांगा. मी आहे तो दगड फोडते आणि ते कोरते. ती म्हणाली, गाते, थांब. डोळे मिटले. हात धरला ठेक्यावर. सुरुवात तिचीच होती, तुमची नाही; खडबडीत, थाप्यांत अडखळणारी. मी श्वास धरून बसले. मोकळी जागा आली. आणि तिच्या तोंडून निघालं, "चांदणं."

थांबली. पुन्हा धरलं. पुन्हा चांदणं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच्या तोंडावर थापट मारली. "माझ्या तोंडात कुणी काय घातलं गं हे?" आणि आत नातसून तान्ह्याला झोपवत होती, तुमचंच गाणं म्हणून.

मी तुम्हाला विचारलं होतं, मामा. शंका असेल तर सांगा, असं विचारलं होतं.

टि.

२९ ऑगस्ट

टिटवे,

तुझं पत्र मामीला वाचू दिलं नाही. तिने विचारलं तर म्हटलं, तिकडे सगळं ठीक आहे.

मी बसून ते गाणं उसवलं. कागदावर ओळी लिहिल्या आणि प्रत्येक शब्दाला विचारलं, तू कुणाचा? 'आभाळ हे फुले' मास्तरांचा. त्यांनी स्वतः रचून आम्हाला शिकवलेल्या कवितेतलं, आता मला त्यांचा आवाज येतो तिथे. 'पाखरांची मुले' तिथलंच. 'वारा आला पदरात' कुठलं ते कळत नाही. आणि चांदणं माझं. ते वहीवर पडायचं. वरून एक शब्द यायचा, उंच, रोज तोच, तो मला कधीच लागला नाही. मात्रा रिकामी राहिली की मला बेचैन व्हायचं, अजून होतं. तिथे मी वहीवरचं ठेवून दिलं.

म्हणजे रोज तिचं नाव माझ्या डोक्यावर घेतलं जात होतं. माझ्या वहीवर ते पडत होतं. मी त्याला सुंदर म्हणत होतो.

आणि त्या फाटकाने मी आयुष्यभर बाहेर पडत आलो, गं.

एवढं कर. तो दगड उतरवायला लाव. मी मुख्याध्यापकांना वेगळं पत्र लिहिलं आहे, की गाणं खोटं आहे, माझं आहे. नाव मिळत नसेल तर नुसतं 'डावरी' कोरा. नाही तर कोरा दगड ठेवा. आणि म्हातारीसमोर कुणाला ते म्हणू देऊ नकोस. काही दिवस शांत राहिलं तर तिचं तिला परत येईल. पाणी निवळतं तसं.

मामा

१४ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र मुख्याध्यापकांनी मला बोलावून वाचून दाखवलं. म्हणाले, "तुमचे मामा फार हळवे दिसतात." मी डावरी म्हटलं तर म्हणाले, "डावरी हे काय नाव झालं? पोरं हसतील. आणि कुणी पडलं-बिडलं असं शाळेच्या दाराशी लिहायचं का? एवढं छान गाणं आहे, सगळ्यांना आवडलंय." सगळ्यांना आवडलंय हे खरं आहे. शाळेच्या स्मरणिकेत छापलंय. कार्यक्रमाला आलेल्या दुसऱ्या एका शाळेने ते परिपाठात घेतलंय.

वस्तीत मी घरोघर फिरले. आजीपुढे म्हणू नका, म्हणून हात जोडले. नातसून म्हणाली, "बाई, तुम्हीच आणलंत, तुम्हीच म्हणालात आमचं आहे. आता पोरींच्या तोंडाला काय शिवण घालू?"

म्हातारी नंतर गायली नाही. ठेकाही धरला नाही, हात पोटाशी धरून पडून असायची. एकदा मला म्हणाली, "तू यायच्या आधी नुसतं विसरलं होतं." एवढंच.

परवा गेली. पोचवून आल्यावर वस्तीतल्या बायकांनी तिच्यासाठी गाणं म्हटलं. कुठलं ते विचारू नका.

गच्ची पूर्ण उतरवली. मी गेले तेव्हा कामगार चुन्याचे ढलपे पोत्यांत भरत होते. ओढ्याच्या कडेला भराव टाकायचाय, तिथे जाणार. त्यांना म्हटलं, कडेचा एक तुकडा द्या. "कुठली कड, बाई? सगळा एकच ढीग आहे," म्हणाले. त्यातलाच एक उचलला. वरच्या बाजूला थापीची खूण दिसते, तिरकी. डाव्या हाताची आहे की उजव्या, ते मला सांगता येत नाही. तो सोबत पाठवते. मला घरात ठेवायचा नाही.

टिटवी

३ ऑक्टोबर

टिटवे,

तुकडा पोचला. मामी म्हणाली, हा दगड कशाला पाठवला पोरीने? मी म्हटलं, माझ्या शाळेचा आहे. तिने पुसून टेबलावर ठेवला, माझ्या चष्म्याशेजारी. पुसू नकोस म्हणेपर्यंत पुसून झाला होता.

तू उत्तर देणार नाहीस हे मी धरून चाललोय. देऊही नकोस.

कविता म्हणणं सोडलंय. एकही ओळ म्हणत नाही, मनातसुद्धा. बाकी कान तर केव्हाच गेलेत. दाराची घंटा ऐकू येत नाही, नातवंडं समोर हातवारे करून बोलतात. घरात एवढी शांतता आहे की बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं काही बाहेर जात नाही.

दुपारी जेवण झालं की आडवा होतो. शाळेच्या वेळेला. डोळे मिटले की वर थापी पडायला लागते. स्पष्ट, अगदी डोक्यावर. मी उशाशी आणलेल्या तुकड्यावर हात ठेवतो आणि हलत नाही. त्या बायका सुरू करतात. शब्द लागत नाहीत, पण आवाज त्यांचेच आहेत, खरे आहेत, एवढं आता ओळखता येतं. मग ती जागा येते. मोकळी. मी श्वास रोखतो. आत काही शिरू नये म्हणून दात आवळतो, मनाने दार लावून घेतो, तिला म्हणतो, ये बाई, तुझीच आहे, ये.

वर त्या आवाज उंच चढवतात.

चांदणं येतं.

मामा